लाल सुतळीची पोती

मी सांगलीत एका हुंडेकऱ्याकडे दिवाणजी होतो. व्यापाऱ्याचा माल गोदामातून उचलायचा, मालधक्क्यावर आणायचा, मालगाडीत भरायचा आणि रेल्वेची पावती व्यापाऱ्याच्या हातात ठेवायची, हा हुंडेकऱ्याचा धंदा. त्यातलं ऊन, धूळ आणि भांडणं दिवाणजीच्या वाट्याला आणि पंख्याखालची खुर्ची मालकाच्या. तक्रार म्हणून सांगत नाही, मला ते आवडायचं. रेक लागला, म्हणजे बेचाळीस रिकाम्या वाघिणी एका ओळीत धक्क्याला येऊन उभ्या राहिल्या, की माझ्या अंगात वारं शिरायचं. मालगाडीच्या डब्याला आम्ही वाघीणच म्हणतो. ठरलेल्या तासांत सगळ्या भरून द्याव्या लागतात, नाहीतर दंड. माझ्या देखरेखीखाली असा दंड कधी बसला नाही आणि हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. स्वतःचं कौतुक स्वतःच करायची मला खोड होती.

शेवटची काही वर्षं आमच्याकडचा मका मालगाडीने बांगलादेशात जायचा, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. इथून सातारा, पुणे करत पार देशाच्या दुसऱ्या टोकाला आणि तिथून सीमा ओलांडून पलीकडे. मी स्वतः कोल्हापूर आणि पुणे यांच्या मधेच जन्म काढलेला माणूस. पण मी भरून दिलेली पोती परदेशात जातात याची मला भारी ऐट. मका कुठंवर पोचला हे मोबाईलवर बघत बसायचो. बायको म्हणायची, मुलगी सासरी गेली तेव्हाही तुम्ही इतक्यांदा फोन केला नव्हता.

धक्क्यावरच्या हमालांचा मुकादम आटपाडीकडचा होता. त्याच्या टोळीतले निम्मे गडी त्याच्याच बाजूचे आणि निम्मे वडूजच्या आसपासचे. सगळा कोरडवाहू मुलूख, त्यामुळे माणसं काटक आणि तोंडाला तिखट. मुकादम मात्र शांत. वयाने माझ्याएवढाच, उंचीला कमी, आणि डावखुरा. सुतळी ओवलेलं दाभण डाव्या हातात धरून तो पोत्याचं तोंड शिवायला बसला की बघत राहावं. टाके सगळे एका अंतरावर, आणि सगळे उलटीकडे कललेले. शेवटी पोत्याचे दोन कान तो अशा काही गाठीने बांधायचा की ती सोडवायला कात्रीच लागे. आमच्या धक्क्यावर ती गाठ दुसऱ्या कुणाला जमली नाही. मी एकदा घरी तूरडाळीच्या पोत्यावर करून बघितली आणि अर्धी डाळ स्वयंपाकघरात सांडली.

लाल सुतळीची पद्धत मीच पाडली, आणि तिचा मला फार अभिमान होता. हमाल पोतं आकड्याने ओढतात. आकडा चुकीचा लागला की पोतं फाटतं आणि मका धक्क्यावर सांडतो. मग तो गोळा करून कोऱ्या पोत्यात भरायचा. पण कोऱ्या पोत्यावर व्यापाऱ्याचा मार्का नसतो, म्हणून रेल्वेचा मालबाबू ते उघडून दाखवा म्हणायचा, पुन्हा काट्यावर घाला म्हणायचा, आणि इकडे घड्याळ पळत असायचं. अशा एका भांडणात मी मालबाबूला म्हणालो, आमचा मुकादम ज्या पोत्याला लाल सुतळीचा टाका मारील त्याची जबाबदारी त्याची, ते पोतं तुम्ही उघडायचं नाही. मालबाबू मुकादमाकडे बघत राहिला. मुकादम म्हणाला, "लाल टाका म्हंजी माझी जबान."

तेव्हापासून तो नियमच झाला. मालबाबू बदलले, मालकाच्या खुर्चीवर त्याचा मुलगा आला, पण लाल सुतळीचं पोतं कुणी उघडलं नाही. उघडायची वेळच मुकादमाने येऊ दिली नाही. सांडलेला मका तो आधी चाळायचा, त्यातले खडे काढायचा, आणि मगच पोतं शिवायचा. कोंबड्यांना कशाला इतका थाट, म्हणून मी त्याला चिडवायचो.

आम्ही जैन. पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल तर त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची. घरची माणसं झाली, शेजारी झाले, की मी धक्क्यावर जायचो आणि मुकादमापुढे हात जोडायचो. पहिल्या वर्षी तो घाबरून उठून उभा राहिला होता. मग त्याला सवय झाली. "आवं दिवाणजी, केलंय तरी काय तुमी मला?" असं विचारून हसायचा आणि म्हणायचा, "केलं माफ." आमच्यात समोरच्यानेही उलट क्षमा मागायची असते, हे मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, माझं काय चुकलं की मागीन की.

आता ती दुपार.

उन्हाळ्यातला रेक होता. चाळीस वाघिणी भरून झाल्या होत्या, उरलेल्या दोनांतली एक अर्धी होती, आणि मुदत संपायला तास राहिला होता. सकाळपासून मी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं आणि डोकं ठणकत होतं. अशात मालकाचा फोन आला. कुपवाडहून एक टेम्पो येतोय, साठेक पोती आहेत, पार्टीचा राहिलेला माल आहे, शेवटच्या वाघिणीत चढवून घ्या. कुपवाडच्या गोदामांतून असा मागाहून माल येणं रोजचंच. टेम्पो आला. पोती सगळी कोरी, मार्का नाही, तोंडं मशीनच्या पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. साठ कोरी पोती मालबाबूने बघितली असती तर सगळी उघडायला लावली असती, काट्यावर घातली असती, आणि माझ्या नावावर पहिला दंड बसला असता.

मुकादमाने एक पोतं खांद्यावर घेतलं, चार पावलं चालला आणि परत खाली ठेवलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दिवाणजी, मका न्हाई ह्यो. पोतं खांद्याव बसंना."

मक्याचं पोतं खांद्यावर घेतलं की आतला दाणा सरकतो आणि पोतं खांद्याचा आकार घेतं. हे मला ऐकून माहीत होतं. उचलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी त्याला काय म्हणालो ते अक्षर न अक्षर आठवतं. म्हणालो, "तुमचा खांदा म्हणजे काय एक्स-रे मशीन लागून गेला काय? लाल टाका मारा आणि चढवा."

त्याने दाभणात लाल सुतळी ओवली. मग म्हणाला, "तुमी म्हंताय म्हणून."

साठ पोत्यांच्या तोंडावर त्याने मशीनच्या शिवणीवरून लाल टाका घातला. घाई होती, तरी एक टाका वाकडा पडला नाही. मालबाबूने लाल सुतळी बघितली आणि पुढे गेला. वाघिणींना सील लागली, गाडी वेळेत निघाली. मुदतीला बारा मिनिटं बाकी होती. मी मालकाला फोन करून ती बारा मिनिटं सांगितली आणि मग टपरीवर जाऊन दोन वडापाव खाल्ले.

पंधराएक दिवसांनी मालकाने मला ऑफिसात बोलावलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटो दाखवला. सीमेवरच्या स्टेशनात वाघीण उघडली होती. पोतं कापलं होतं आणि आत भुशामध्ये खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रचलेल्या होत्या. त्या बाटल्यांचं पलीकडे नशेसाठी काय मोल आहे ते मालकाने मला समजावून सांगितलं. माझं लक्ष त्यात नव्हतं. फोटोत पोत्याचं तोंड शाबूत होतं. लाल सुतळी, उलटीकडे कललेले टाके, दोन कानांवर ती गाठ. मी न विचारता मालकासमोर खाली बसलो.

मालक म्हणाला, चौकशीला येतील, विचारतील तेवढंच सांगा. पदरचं काही जोडू नका.

ते आले. दोघं सीमेकडचे अधिकारी होते, बरोबर इथले पोलीस. हिंदीत बोलत होते. मला फोटो दाखवून एवढंच विचारलं की ही शिवण कुणाची. मी म्हणालो, मुकादमाची. ते खरंच होतं. पुढचा प्रश्न, ती त्याने कुणाच्या सांगण्यावरून घातली, हा त्यांनी विचारला नाही. मी वाट बघत होतो. विचारला असता तर सांगितलं असतं, असं मी पुढे बरेच महिने स्वतःला समजावत राहिलो. आता तेही समजावत नाही. खरं सांगायचं तर प्रश्न आला नाही आणि मला हायसं वाटलं.

मग त्यांनी मुकादमाला बोलावलं आणि शिवून दाखव म्हणाले. त्याला वाटलं, साहेब लोक आपल्याकडून माहिती घ्यायला आलेत. त्याने हात धुतले, धोतराला पुसले. कोरं पोतं मागवलं, दाभण काढलं. लाल सुतळीला मेण लावलं आणि मेण का लावायचं तेही त्यांना मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांतला एक जण मोबाईलवर त्याचं चित्रण करत होता, तर हा उजेडाकडे तोंड करून बसला. शेवटी गाठ मारून पोतं त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, ओढून बघा साब. त्यांनी ओढून बघितली. टोळीतले सगळे कौतुकाने बघत होते. मीही तिथंच उभा होतो. एका वाक्यात मी ते थांबवू शकलो असतो.

त्यांनी त्याला विचारलं, लाल टाका म्हणजे काय. तो म्हणाला, माझी जबान. पोती कुणी चढवायला सांगितली, हेही त्याला विचारलं असं मला नंतर कळलं. त्याने माझं नाव घेतलं नाही. लाल सुतळी पडली की जबाबदारी त्याची, दुसऱ्या कुणाची नाही, हा नियम मी ठरवला होता आणि तो त्याने पाळला. त्याच संध्याकाळी त्याला घेऊन गेले.

मग सगळ्यांनी हात वर केले, आणि प्रत्येकाचे हात कागदोपत्री स्वच्छ होते. औषधाची कंपनी म्हणाली, आम्ही परवानाधारक घाऊक विक्रेत्याला माल दिला. त्या विक्रेत्याच्या पत्त्यावर कुलूप. मक्याचा व्यापारी म्हणाला, ज्यावर आमचा मार्का नाही ते पोतं आमचं नाही. टेम्पोचा नंबर कुणा शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा निघाला. रेल्वेच्या पावतीवर तर छापलेलंच असतं की आतला माल पाठवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे, आम्ही बघितलेला नाही. मालक म्हणाला, मी दिवसाला चाळीस फोन करतो, कुठल्या फोनवर काय बोललो ते मला कसं आठवणार. एवढ्या सगळ्या माणसांमधून ती पोती गेली आणि हाताची खूण राहिली ती एकट्या मुकादमाची. बाकी कुणी त्यांना आपला हातच लावला नव्हता. मी तर फक्त तोंड हलवलं होतं.

मी अगदीच गप्प बसलो असं नाही. दोन महिन्यांनी मालकाच्या वकिलाकडे गेलो आणि त्या दुपारचं सगळं सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, हे तुम्ही कोर्टात सांगितलंत तर तो सुटणार नाही, तुम्ही मात्र आत जाल. आत्ता एक आरोपी आहे, मग दोन होतील. नशेच्या औषधांच्या कायद्यात जामीन मिळत नाही म्हणून समजा. वय काय तुमचं? मी वय सांगितलं. मी जिना उतरून खाली आलो आणि मला तुरुंगाची भीती वाटली. बायकोची काळजी, मुलीचं सासर, ही कारणं मी नंतर शोधली. त्या जिन्यात नुसती भीती होती.

दुसरा वकील गाठावा असं मनात आलं होतं. गाठला नाही.

मुकादमाला दोन दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर ठेवलंय. तिथली भाषा त्याला येत नाही. तारखा पडतात आणि पुढे जातात. त्याची बायको एकदा जाऊन आली, थोरल्या दिराला घेऊन. काचेपलीकडून पंधरा मिनिटं बोलणं झालं, त्यांतली निम्मी तिच्या रडण्यातच गेली असं तिच्या दिराने मला सांगितलं. टोळी मोडली. वडूजकडचे गडी साखर कारखान्यावर गेले. धक्क्यावर आता कंत्राटदाराची माणसं येतात आणि पोती मशीनने शिवतात. मी नोकरी सोडली. मालकाने शाल दिली, नारळ दिला, आणि माझ्या तीस वर्षांत दंड बसला नाही हे सगळ्यांसमोर सांगितलं.

गेल्या वर्षी क्षमावणीच्या दिवशी मी आटपाडीला गेलो. घरी सांगितलं नाही. सांगलीहून एसटीत बसलो आणि वाटेत मनाशी वाक्यं जुळवत राहिलो. ती पोती मी चढवायला सांगितली. त्यांचा खांदा खरं सांगत होता, मी ऐकलं नाही. मी हे साहेबांना सांगितलं नाही, कारण मला भीती वाटली. एवढं सांगायचं आणि मग हात जोडायचे. पुढे तिने पोलिसांत जायचं म्हटलं तर तिच्याबरोबर जायचं, इथंवर माझी तयारी झाली होती. निदान एसटीत तरी झाली होती.

वस्ती गावापासून आत होती. मुकादमाची बायको दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, पदर सावरला, पाणी आणलं. मी खाटेवर बसलो. आत भिंतीला टेकवलेल्या उघड्या गाठोड्यात त्याचं दाभण आणि सुतळीचं लाल रीळ ठेवलेलं होतं. पोलिसांना ते न्यायचं सुचलं नव्हतं. "वहिनी, मी आज एका कामासाठी आलोय," एवढं मी म्हणालो.

ती म्हणाली, "मला ठावं हाय. परवा ह्यांचा फोन आलता."

तुरुंगातून आठवड्याला पाच मिनिटं बोलू देतात. त्या पाच मिनिटांत त्याने तिला विचारलं होतं की गणपती बुडाले का. बुडाले म्हटल्यावर म्हणाला, मग दिवाणजींचा माफीचा दिवस आला. ते आले तर त्यांना एक निरोप दे. आले नाहीत तर कुणाच्या तरी हाती कळव.

तिने निरोप त्याच्याच शब्दांत सांगितला. मधे कुठे थांबली नाही, बहुतेक पाठ करून ठेवला होता.

"दिवाणजींस्नी म्हनावं, लाल सुतळीचं नाव माझ्या हातनं बुडालं. खांदा सांगत हुता, मी टाका मारायला नको हुता. तुमी दरसाल माफी मागायचा, मी कवा मागितली न्हाई. औंदा मी मागतोय. माफ करा म्हनावं."

ती वाट बघत होती. शेंगांची पाटी बाजूला सरकवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. माझी वाक्यं तयार होती. पहिलं वाक्य तर ओठावर होतं, ती पोती मी चढवायला सांगितली. त्याला काय अर्धं मिनिट लागलं असतं.

"काय सांगू त्यास्नी?" तिने विचारलं.

"माफ केलं म्हणून सांगा," मी म्हणालो.

तिने डोळ्यांना पदर लावला.

"लय बरं वाटंल त्यास्नी," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.